येतो म्हणणारी हंसा

आधीच सांगून टाकते. ज्या माणसाबद्दल मी लिहिते आहे त्याला आमचं सगळं बोरी अरब गाव कपिल म्हणतं. शाळेच्या दाखल्यावर कपिल, आधार कार्डावर कपिल, क्रिकेटच्या मैदानात कपल्या. मी मात्र तिला हंसा म्हणणार आणि 'ती' म्हणणार. ज्यांना खटकेल त्यांनी खुशाल पान उलटावं. वाद घालायला माझ्याकडे गावातलीच माणसं पुष्कळ आहेत, बाहेरून मागवायची गरज नाही.

माझं बसस्टँडसमोर झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आहे. खरं तर मला मास्तरीण व्हायचं होतं. यवतमाळला डी.एड. केलं, पण भरती काही निघाली नाही, आणि हातात खडू धरायचा तो झेरॉक्सची काच पुसायचं फडकं धरून बसले. डी.एड.च्या वर्गातली एक गोष्ट मात्र अजून डोक्यात आहे. पहिल्याच पाठाला मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी फळ्यावर लिहितो." पुण्याकडून आलेल्या मॅडम म्हणाल्या, "लिहितो? तू बाई आहेस की बुवा?" वर्ग खो खो हसला. हसणाऱ्यांत निम्म्या पोरी आमच्याच भागातल्या होत्या, सकाळी घरातून निघताना "माय, मी येतो" म्हणून आलेल्या.

आमच्याकडे बाया अशाच बोलतात. येतो, जातो, करतो, जेवतो. गडीमाणूसही तेच म्हणतो, बाईही तेच म्हणते, आणि त्याने कुणाचं बाईपण जात नाही. फरक पडतो तो झाल्यागेल्या गोष्टीला. गडी म्हणतो 'गेलो', बाई म्हणते 'गेली'. म्हणजे चालू काळात आम्ही सगळे सारखे, आणि गेलेल्या काळात ज्याची त्याची जागा ठरलेली. मॅडमनी मला 'लिहिते' शिकवलं. आता कागदावर मी 'लिहिते', 'म्हणते' असं शहाण्यासारखं उतरवते. तोंडात मात्र 'म्हणतो'च येतं. ही व्याकरणाची कटकट मी उगाच सांगत नाही. हंसाचा सगळा जीव या एका अक्षरात अडकला होता.

हंसा ही किसनराव आणि विमलताईंची एकुलती एक. त्यांचं घर आमच्याच गल्लीत. लहानपणी ती भारी बोलकी होती. आठवी-नववीत गेल्यापासून तिच्या बोलण्यात काहीतरी गडबड व्हायला लागली. "काल कुठं गेलता बे?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "काल मी दारव्ह्याले जातो." "जेवला का?" तर म्हणे, "जेवतो न मी." किसनराव वैतागायचे. "अरे, गेलतो म्हण, जेवलो म्हण. जातो काय जातो?" पोरांनी तिचं नाव 'जातो-येतो' पाडलं. गुरुजींनी घरी येऊन सांगितलं, पोराला काळ कळत नाही, मराठी कच्चं आहे.

मराठी कच्चं नव्हतं, चांगलं पक्कं होतं. मी एकदा दुकानात कान देऊन ऐकलं तेव्हा ध्यानात आलं, की ही 'गेलो' म्हणत नाही, आणि 'गेली' म्हणायची तिची हिंमत नाही. जिथे क्रियापद बाई की बुवा असं विचारत नाही तेवढ्याच वाटेने ती चालते. 'मी जेवलो' टाळून 'मी भाकर खाल्ली' म्हणते, कारण खाल्ली ती भाकर. खाणाऱ्याचा त्यात पत्ता लागत नाही. एवढी कसरत एखादं पोर वर्षानुवर्षं करतं, उठताबसता, आईबापाशी बोलतानासुद्धा, आणि आपण म्हणतो त्याचं मराठी कच्चं आहे. मला त्या दिवशी गुरुजींचा एवढा राग आला की त्यांच्या झेरॉक्स मी मुद्दाम फिक्या काढल्या.

मग एकदा मी सरळच विचारलं. दुकानात कुणी नव्हतं. म्हटलं, "तुले 'गेली' म्हणावं वाटते का?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं, मग होकाराची मान हलवली.

"नाव काय मंग तुह्यं?"

"हंसा," ती म्हणाली.

हे नाव तिने कुठून आणलं ते मला विचारावं लागलं नाही. विमलताई आल्यागेल्याला सांगायच्या, "पोरगी झाली असती तं हंसा नाव ठेवलं असतं, माह्या आजीचं. पण झाला पोट्टा." सांगताना शेजारी बसलेल्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. त्यांना काय ठाऊक, पोरगी झाली होती आणि आपलं नाव ऐकत तिथेच बसली होती.

सगळीकडे बोंडअळीची आणि फवारणीच्या विषबाधेची चर्चा होती, त्याच वर्षांत मोबाइलवरचा तो बंदुकीचा गेम गावात आला. विमानातून माणसं एका बेटावर उड्या मारतात, बंदुका शोधतात, एकमेकांना मारतात. शेवटी जो संघ उरतो तो जिंकतो. गावातली झाडून सगळी पोरं विहाराच्या ओट्यावर माना खाली घालून बसायला लागली. तो गेम पहिल्यांदा उघडला की आधी विचारतो, तुम्हाला बाई व्हायचं की पुरुष, चेहरा कोणता हवा, रंग कोणता हवा. हंसा मला म्हणाली, "ताई, जिंदगीत पह्यल्यांदा मले कोणी विचारलं."

गंमत अशी की गावातल्या निम्म्या पोरांनीही बाईच घेतली होती. त्यांची कारणं वेगळी. खेळताना आपलं माणूस सदानकदा पाठीमागूनच दिसतं, मग गड्याची पाठ कायले पाहायची, असं ते उघड म्हणायचे आणि दात काढायचे. त्या बायांच्या अंगावर कपडे तरी कसले, नुसत्या चिंध्या. या गर्दीत हंसाची बाई खपून गेली. कपल्यानेही घेतली, त्यात काय! ज्या गोष्टीसाठी गावाने तिला धड जगू दिलं नसतं, ती तिने सगळ्यांदेखत केली आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

तिने आपल्या हंसाला काय घातलं तेही सांगते. गेममध्ये साडी नव्हती. तिने शोध शोध शोधली. आमच्या बायांसारखी दिसेल अशी एकही बाई त्यात नव्हती, सगळ्या सरळ नाकाच्या आणि लांब टांगांच्या. मग तिने त्यातला सगळ्यात काळा रंग घेतला, वर गड्याचं ढगळ, लांब बाह्यांचं शर्ट, आणि डोक्याला गच्च बांधलेला रुमाल. मी पाहिलं आणि मला हसूच फुटलं. ही तर कापूस वेचायला निघालेली विमलताई! आमच्या बाया वावरात जाताना साडीवर नवऱ्याचं जुनं शर्ट चढवतात, पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, अंगाला ओरबाडू नये म्हणून. गड्याचं शर्ट घातल्याने कुणी बाई गडी होत नाही आणि तिला कुणी हटकतही नाही. हंसाने मात्र एकदा मावसबहिणीची ओढणी खांद्यावर टाकून पाहिली, तर किसनरावांनी तिला चपलेने मारलं होतं.

पुढे लॉकडाऊन लागला. कापसाची खरेदी बंद पडली आणि कापूस ज्याच्या त्याच्या घरात अडकला. विमलताईंच्या पुढच्या खोलीत तर तो आढ्याला टेकला. त्यातल्या किड्यांनी घरची माणसं खाजवून खाजवून बेजार झाली. ओसरी सोडून आत बसायला कुणी तयार होईना. हंसाला तेच पाहिजे होतं. तिने त्या ढिगात मागच्या भिंतीशी एक खोबण केली आणि अंगभर पुरळ घेऊन तिथे जाऊन बसायची. कापसात आवाज जिरतो. तिथे बसून ती माइकवर कितीही बोलली तरी ओसरीत ऐकू येत नव्हतं.

तिथेच तिला पुण्याच्या तिघी भेटल्या, ऋजुता आणि तिच्या दोन मैत्रिणी. खेळायला चौघांचा संघ लागतो. त्यांना चौथी हवी होती आणि पोरगा अजिबात नको होता. त्यांचंही खरंच होतं. पोरीचा आवाज आला की माइकवर पोरं काय काय बोलतात ते मी हंसाच्या फोनवर या कानांनी ऐकलं आहे, इथे लिहिणार नाही. पोरीचं नाव घेऊन, बारीक आवाज काढून किती तरी जण त्यांच्यात शिरले होते आणि मग घाण बोलून गेले होते. म्हणून त्या पारखून घ्यायच्या. हंसाचा आवाज मुळातच पातळ, फुटला तोही अर्धाच. शिवाय ती हळू बोलायची. त्यांनी तिला घेतलं.

"ताई, पुण्याच्या पोरी 'येतो' म्हणते का 'येते'?" तिने लगेच येऊन मला विचारलं. मी म्हटलं, येते, जाते, करते. आणि 'गेली' नाही म्हणायचं, 'गेले' म्हणायचं. माझं डी.एड. अखेर कामाला आलं. ती दुकानाच्या मागच्या दारात उभी राहून घोकायची: मी येते, मी पडले, मी आले. 'आले' म्हणताना तिचा चेहरा असा उजळायचा की मी गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायची. तिला जन्मात पहिल्यांदा गेलेला काळ वापरायला मिळाला होता. 'मी काल पडले' एवढं साधं वाक्य, पण ते बोलायला तिला पुण्याच्या पोरींत जावं लागलं, तेही कापसात बसून.

त्या गेमात गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही. गुडघ्यांवर पडतो आणि रांगत राहतो. सोबत्याने येऊन हात दिला तर उठतो, नाही तर संपतो. बहुतेक जण पडलेल्याला सोडून पळ काढतात. हंसा कधी पळाली नाही. समोरून कितीही गोळ्या येऊ देत, "थांब, मी येते" म्हणायची आणि यायचीच. ऋजुता म्हणायची, "हंसा आहे ना, मग मला पडायची भीती नाही. ती येणारच." हे हंसाने मला किती वेळा सांगितलं असेल! सांगताना एका शब्दापाशी अडकायची. "ती येणारच म्हणते, ताई. 'ती' म्हणते मले."

किसनरावांची नजर फवारणीच्या त्या विषारी हंगामापासून अधू झालेली. माणूस ओळखायचा तो आवाजावरून. पावसाळ्याच्या तोंडाशी कापूस थोडा थोडा विकला जायला लागला, घरातला ढीग उतरला, आणि एका दुपारी हंसाचा माइकवरचा आवाज ओसरीपर्यंत आला. किसनराव म्हणाले, "विमल, घरात कोणाची पोरगी आली वं?" हंसा धावत माझ्या दुकानात आली. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बाबाले पोरगी आयकू आली, ताई." मी हसले, पण मनात मी कापसाचा हिशेब करत होते. कापूस संपत चालला होता, आणि तिला लपायला दुसरी जागा नव्हती.

पावसाळा सरता सरता बातमी आली की सरकारने तो गेम बंद केला. ज्यांच्या फोनमध्ये आधीपासून होता त्यांचा चालत राहिला, पण तोही आता जाणार, असं सगळे म्हणायला लागले. गावातल्या पोरांनी चार शिव्या दिल्या आणि दुसरा गेम शोधला. हंसाला दुसरा गेम नको होता. साऱ्या जगात ती हंसा होती ती त्या तिघींपाशी. मला धरलं तर चौघींपाशी, पण मी काय, मी पडले शेजारीण. गेम गेला की हंसा जाणार, आणि कपिल तेवढा उरणार. तिचं खाणंपिणं कमी झालं. फोन उघडून गेम आहे ना एवढं बघायची आणि परत ठेवायची.

ऋजुतानेच तोड काढली. "आपण चौघींचा व्हॉट्सॲप ग्रुप करू. गेम गेला तर गेला, आपण तर आहोत." येत्या रविवारी खेळ झाला की एकमेकींना नंबर द्यायचे ठरलं. हंसाने माझ्याकडून नवं सिम घेतलं आणि त्यावरच्या व्हॉट्सॲपला स्वतःच्या फोटोच्या जागी पऱ्हाटीच्या फुलाचा फोटो लावला. म्हणाली, "ताई, हे फूल आज पांढरं असते अन् उद्या गुलाबी होते. त्याले कोणी नाही विचारत, काहून बदललं म्हणून." मी म्हटलं, "फुलाले शाळेचा दाखला नाही लागत, बाई." त्या दिवशी आम्ही दोघी पोट धरून हसलो. तेवढंच शेवटचं हसणं.

रविवारी खेळताना ऋजुता पडली. नदीकाठी, अगदी उघड्यावर, आणि चहूकडून गोळ्या. घाबरून ओरडली, "हंसा!" महिनोन्महिने 'येते, येते' घोकणारी हंसा त्या घाईत आपल्या आईसारखी ओरडली, "थांब वं, मी येतो!"

ती गेली, तिला उचललं, वाचवलं. पण खेळ संपल्यावर तिघींतली दुसरी एक जण म्हणाली, "तू 'येतो' म्हणालीस." हंसाने सांगितलं, आमच्याकडे बाया असंच बोलतात. "असं कुठे असतं का?" "असते. माझी आईपण म्हणते." "पकडला गेला की प्रत्येक मुलगा असलंच काहीतरी सांगतो." शेवटी ऋजुता बोलली, आणि हंसा म्हणते की तिचा आवाज रडवेला होता. "मला तुझ्यावर विश्वास ठेवायचाय, हंसा. उद्या फक्त तुझ्या आईचा आवाज ऐकव. मग नंबर."

जी बोली ती आईच्या मांडीवर शिकली, त्या बोलीनेच तिला पुण्यात बुवा ठरवलं. मला माझ्या मॅडम आठवल्या आणि तळपायाची आग मस्तकात गेली. हंसा लगेच दुकानात आली. "ताई, मी खरंच सांगतो न? बाया 'येतो'च म्हणते न?"

"म्हणते न. मी पण म्हणतो."

"मंग मायले काहीच सांगत नाही. अंगणातून नुसती हाक मारतो. माय 'येतो' म्हणन, त्या पोरी आयकन. झालं."

दुसऱ्या दिवशी मी विमलताईंच्या अंगणात जाऊन बसले. त्या ज्वारी पाखडत होत्या, मी उगाच खडे निवडत होते. घरातला जुना कापूस सगळा गेला होता, नवा अजून वेचायचा होता. रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली हंसा दारातून दिसत होती. आईचा आवाज अंगणातून फोनपर्यंत पोचावा म्हणून तिने कानातल्या वायरची पिन उपसली. तिथेच ती चुकली. पिन काढली की इकडचा आवाज तिकडे जाईल, हे तिला सुचलं. तिकडच्या पोरींचा आवाजही आता घरभर होईल, हे सुचलं नाही. भेदरलेल्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट सुचते.

"माय! इकडं ये वं!"

"येतो, येतो! हात धुतो अन् येतो!"

नशीब, 'येतो रे' म्हणाल्या नाहीत. मी श्वास सोडला. फोनमधून हसण्याची उकळी आली. "अय्या, खरंच! काकूपण येतो म्हणतात!" मग ऋजुताचा आवाज: "सॉरी हंसा, सॉरी यार, खूप सॉरी." हंसाने डोळे मिटून डोकं भिंतीला टेकवलं. तिथे फोन बंद व्हायला हवा होता. पण पोरी चांगल्या घरच्या, वडीलधाऱ्यांना मान देणाऱ्या. ऋजुता मोठ्याने म्हणाली, "काकू, नमस्कार!"

विमलताई ओले हात पुसत खोलीत शिरल्याच होत्या. फोनमधून एवढा गोड आवाज, आणि तो आपल्याला काकू म्हणतो, याने त्या हरखून गेल्या. हंसाने झडप घातली, पण त्यांनी फोन आधीच उचलला होता.

"नमस्कार बाई. कोण बोलते?"

"आम्ही हंसाच्या मैत्रिणी, पुण्याहून."

"हंसा?" विमलताई हसल्या. "इथं कोणी हंसा नाही, बाई. मले पोरगी नाही. मले एकच पोरगा हाये, कपिल. थांबा, मी बलावतो त्याले."

मी बलावतो त्याले. त्या माउलीने एका दमात हंसाचं बोलणं खरं केलं आणि हंसाला खोटं पाडलं.

फोनमधून कुणीतरी "शी!" म्हणालं. मग ऋजुता अगदी हळू म्हणाली, "कपिल?" मी धावत दाराशी आले होते, आणि विमलताईंच्या हातातल्या फोनच्या पडद्यावर चौघी शेजारी शेजारी उभ्या होत्या. त्यातल्या तिघी एकेक करून नाहीशा झाल्या. गड्याचं शर्ट घातलेली, रुमाल बांधलेली एकटी हंसा मागे उरली.

"कटला वाटते," असं म्हणून विमलताईंनी फोन तिच्या हातात दिला आणि त्या ज्वारीकडे परत गेल्या.

मला त्या पोरींचा राग धरता येत नाही, हेच वाईट आहे. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

हंसाचं बोलणं त्या दिवसापासून थांबलं. येतो नाही, जातो नाही, हूं की चूं नाही. इतके दिवस तिच्यापाशी निदान चालू काळ होता, आता तोही राहिला नाही. वावरात बोंडं परतीच्या पावसाने काळी पडली होती. उरलेली वेचायला आईसोबत जायची आणि ओळीच्या मध्येच उभी राहायची. एका सकाळी विमलताई पदराखाली फवारणीची बाटली झाकून माझ्या दुकानात आल्या. "हे तुह्यापाशी ठेव. पोट्टा घडीघडी गुरांच्या कोठ्यात जाऊन बसून राह्यला. मले भेव वाटते." आमच्या भागात या बोलण्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मी बाटली कागदांच्या गठ्ठ्यांमागे ठेवली, शटर अर्धं ओढलं आणि त्यांना खाली बसवलं.

"त्या पोरी काय बोलल्या वं माह्या पोराले? तवापासून असा हाये."

मी सगळं सांगितलं. हंसाची परवानगी काढत बसायला त्या बाटलीने मला सवड ठेवली नव्हती. 'गेलो' आणि 'गेली' सांगितलं, कापसातली खोबण सांगितली, पुण्याची 'येते' सांगितली, आणि नाव सांगितलं.

विमलताई आधी माझ्यावरच उखडल्या. डोकं फिरलं का तुह्यं, म्हणाल्या. मग म्हणाल्या, लोक शेण घालतील तोंडात, याचा बाप जीव घेईल. मलाही चेव चढला. मी म्हटलं, "विमलताई, तुमचे सासरे छप्पन साली नागपूरले दीक्षेले गेले अन् एका दिवसात नवे होऊन आले. गाव काय म्हणे? म्हणे, हा तं तोच हाये, जुनाच. आपण आतून कोण झालो हे त्यायनं सांगतलं, गावानं नाही. विहारात दरवर्षी हेच तं भाषण ठोकतो न आपण? टाळ्या वाजवतो न?"

विमलताई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "मी दरवेळी म्हणो, पोरगी झाली असती तं... अन् ते लेकरू तिथंच बसून राहे." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "अन् मी त्या पोरीले काय सांगतलं? इथं कोणी हंसा नाही." एवढं बोलून त्या ज्या रडल्या, ते पाहवत नव्हतं.

त्या वर्षी दसऱ्याला कुणालाच नागपूरला दीक्षाभूमीवर जाता आलं नाही, करोनामुळे. सगळे आपापल्या घरी. दसरा झाला आणि पाठोपाठ तो गेमही कायमचा बंद पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी विमलताई वावरातून तशाच माझ्या दुकानासमोर येऊन उभ्या राहिल्या, साडीवर किसनरावांचं शर्ट, डोक्याला गच्च रुमाल. "चाल माह्यासंगं. तुले फोनमधलं समजते."

हंसा त्याच खोलीत, त्याच भिंतीशी बसली होती. शेजारी नव्या कापसाचा लहानसा ढीग. विमलताई तिच्यासमोर बसल्या. "तो गेम लाव."

हंसा हलली नाही. मी म्हटलं, "बंद झाला तो, विमलताई. आता लागत नाही."

"त्या पोरी असतील न तिथं."

"तिथं आता कोणीच नाही."

"मंग नंबर लाव."

"नंबर द्यायचाच राह्यला."

"लाव म्हणतो न मी!" त्या ओरडल्या. हंसाने मुकाट्याने गेम उघडला. काळा पडदा, आणि त्यात एक चाक फिरत होतं. जोडणी होत नाही, अशी ओळ यायची आणि परत चाक. विमलताईंनी फोन दोन्ही हातांत धरून तोंडापाशी नेला. फोनवर त्या नेहमीच ओरडून बोलतात, लांबच्या गावाला ऐकू जावं म्हणून.

"हालो! पोरीहो, मी हंसाची माय बोलतो. त्या दिवशी मी चुकीचं बोलली. मले समजलं नव्हतं. हाये मले पोरगी. ती तुमच्याशी खोटं नाही बोलली. आमच्याकडं बाया येतोच म्हणते, ती माह्यंच आयकून शिकली. तिले असं टाकून नका जाऊ, बाई. ती तुमाले कधी टाकून नाही गेली."

चाक फिरत राहिलं. ओसरीतून किसनरावांनी विचारलं, "कोणाशी बोलून राह्यली वं?" मी दाराकडे तोंड केलं.

"आयकलं का त्यायनं?" विमलताईंनी तिला विचारलं.

हंसाने आधी फोनकडे पाहिलं, मग आईकडे. इतक्या दिवसांनी तिच्या तोंडून शब्द आला. "हो, माय. आयकलं."

"मंग चाल आता. कालपासून जेवली नाही तू."

हंसा उठली आणि आईच्या मागे चुलीकडे गेली. फोन कापसावर तसाच पडला होता, त्यातलं चाक अजून फिरत होतं. मी तो उचलला आणि बंद केला.